उणे पाच

लोटाच्या शाळेत, तळघरात, काँक्रीटच्या ठोकळ्यावर
जिओफोन बसवला, तेव्हा पडद्यावरची रेघ
वरच्या बाजूला डोंगर काढायची
आणि खालच्या बाजूला सरळ पट्टी.
जणू जमीन नुसती उठते, कधी बसतच नाही.
रोसामेल उएंचुयाननं चष्मा कपाळावर सरकवला.
"अर्धाच भूकंप पकडलास, नायादेत.
उरलेला अर्धा अँप्लिफायरच्या उंबऱ्याला ठेचकाळतोय.
त्याला शून्याखाली जागा नाही."

जागा करायची म्हणजे उणे व्होल्टेज हवं.
जवळ होती बाउदिलियोच्या बोटीची बॅटरी,
बारा व्होल्टची, माशांचा वास न सुटलेली,
आणि गाड्यांच्या चार्जरमधून उपटलेल्या
मूठभर बक कन्व्हर्टर चिपा.
त्यांना एकच काम येतं : जास्तीचं कमी करणं.
बाराचे पाच.
ट्रान्सफॉर्मर सांतियागोहून यायला तीन आठवडे,
आणि जमीन तीन आठवडे थांबेन असं
कुणाला लिहून देत नाही.

त्यानं चिप बदलली नाही. नुसती टोकं बदलली.
कॉइलमधून पाच व्होल्ट जिथं बाहेर यायचे
ते टोक आमच्या जमिनीला बांधलं,
आणि चिपची स्वतःची जमीन
दिली खाली सोडून.
मी मीटर लावला.

शून्य.
चिप मात्र अशी तापलेली की बोट ठेववेना.

आम्ही शिंपल्यांचं सूप प्यालो. कुणी बोललं नाही.
वाडगा तसाच हातात धरून त्यानं टॉर्च मारली :
चिपच्या पाठीचा पत्रा
जुन्या सवयीनं पेटीच्या लोखंडाला आवळलेला.
पाठ म्हणजे तिची जमीन, पेटी म्हणजे आमची.
दोघींना आम्हीच स्क्रूनं एक करून ठेवलं होतं.

मध्ये अभ्रकाचा तुकडा सारताना तो म्हणाला,
"माझा बाप कोळशाच्या खाणीत, समुद्राच्या तळाखाली उतरायचा.
तिथंही फरशी होती. तिथंही छत पाच हात वर होतं.
त्या छतावर समुद्र,
आणि समुद्रावरचा नावाडी पाण्याला शून्य म्हणायचा."
"मग खरं कोण?"
"मोजताना दोघंही चुकत नव्हते," तो म्हणाला. "तो प्लास्टिकचा वॉशर दे."

उणे चार पूर्णांक सत्त्याण्णव.

मी मीटरच्या तारा उलटसुलट करून पाहिल्या.
चिपला यातलं काहीच कळलेलं नाही.
ती आपल्या पायांपासून पाच व्होल्ट उंच,
शिकवल्याप्रमाणे, ताठ.
आपणच तिच्या डोक्याला शून्य म्हटलं
आणि ती अख्खी भुईत गेली.
फुकट नाही गेली : वरचे बारा, खालचे पाच,
सतरा व्होल्ट आता एकटीच्या अंगावर,
आणि तीन अँपिअरचा शब्द दिलेली
दोनवरच धापा टाकते.
चालू होताना क्षणभर ती उलटीकडे उसळते,
म्हणून दाराशी एक डायोड बसवला,
राखणीला.

पहाटे पावणेचारला वाडग्यात चमचा किणकिणला.
एवढाच. लोटात याला कुणी कूसही बदलत नाही.
कागदावर रेघ वर गेली,
आणि मग, पहिल्यांदाच, खाली.
तितकीच खाली.
रोसामेलनं त्या खालच्या भागावर अंगठा ठेवला
आणि बराच वेळ उचलला नाही.

पाचला बाउदिलियो रबरी बूट वाजवत आला.
बोट निघायची होती, बॅटरी हवी होती.
कागद तिरका धरून त्यानं विचारलं,
"पाण्याखालचं हे कसं काढलंत?"
"दोन तारा बदलल्या," मी म्हटलं.
त्यानं मान डोलावली, पटल्यासारखी नाही,
बॅटरी काखोटीला मारली,
आणि रेघ मधोमध येऊन थांबली.